सहा कप्प्यांची आवराआवर

इंदुरातल्या मराठी घरांना आवराआवरीसाठी हक्काचे दहा-अकरा दिवस मिळतात, रंगपंचमी ते गुढीपाडवा. त्याआधी हात लावण्यात अर्थ नसतो. राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, पाहून परतलेली मंडळी गुलाल उंबऱ्यापासून न्हाणीघरापर्यंत पेरत येतात. त्यावर थेट ओला पोछा फिरवला, की फरशी आठवडाभर गुलाबी राहते. आधी कोरडा झाडू, मग पाणी, हे इथं पोरासोरांनाही ठाऊक असतं. आणि पाडव्यानंतर उशीर झालेला असतो, कारण तृतीयेला चैत्रगौर बसली की हळदीकुंकवाच्या बायका घरात यायला लागतात.

दिवाळीची साफसफाई वेगळी. ती पावसाची निस्तरानिस्तर असते. ओल, बुरशी, भिंतीचे पोपडे, रंगारी. चैत्रातलं काम म्हणजे ऋतूची अदलाबदल. रजया गच्चीवर उन्हं खाऊन माळ्यावर चढतात आणि कूलर खाली उतरतो. त्याच्या जाळीतलं मागच्या वर्षीचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, टाकीच्या तळाशी क्षारांचा पांढरा थर. तो कशानं काढावा यावर आमच्या घरात दरवर्षी चर्चासत्र होतं आणि शेवटी तो उलथन्यानंच निघतो. शिवाय याच दिवसांत माळव्याचा नवा गहू येतो. कोठी रिकामी करायची, पुसायची, उन्हात तापवायची. गव्हाला एरंडेल चोळायचं, मध्ये मध्ये वाळलेला कडुलिंब घालायचा. तेलाचा हात बसला की किडीची अंडी तग धरत नाहीत.

कुठल्या दिवशी काय, हे नळ ठरवतो. नर्मदेचं पाणी 1978 पासून जलूदहून पंपानं चढवत सुमारे 70 किलोमीटर आणतात, आणि आमच्याकडे ते एक दिवसाआड येतं. म्हणून पडदे नळाच्या दिवशी, माळा कोरड्या दिवशी. इतक्या लांबून आलेल्या पाण्यानं अंगण धुवायची मला तरी लाज वाटते. सासूबाईंना वाटत नाही. नर्मदामाई कशासाठी आली आहे मग, असं त्या विचारतात.

पण हे सगळं अंगमेहनतीचं, म्हणजे सोपं. खरी कसोटी माळ्यावरून उतरलेल्या ढिगाची. पूर्वी गल्लीच्या कोपऱ्यावर कचरापेटी होती, म्हणजे पेटी नावाला आणि ढीग तिच्याभोवती. नकोशी वस्तू तिथं ठेवून यायची, मागं वळून पाहायचं नाही. त्या सोयीची मला अजून आठवण येते, वासाचीही येते. मग 2017 साली स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर देशात पहिलं आलं आणि पुढची कित्येक वर्षं तिथून हललंच नाही. कोपऱ्यावरची पेटी गेली, दारावर गाणं वाजवत गाडी यायला लागली, आणि त्या गाडीला कप्पे सहा. ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, सॅनिटरी आणि घरगुती घातक. आता वस्तू नको आहे एवढं पुरत नाही. ती मुळात काय आहे, हे सांगावं लागतं.

मोडकी छत्री काय आहे? कापड सुकं, मूठ प्लास्टिकची, काड्या लोखंडाच्या. बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ त्याहून कठीण; सेल घातक, यंत्र इलेक्ट्रॉनिक, चौकट प्लास्टिक, वर काच. मी ओट्यावर पेचकस घेऊन बसते, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरसारखी. उघडलं की गाणारं एक वाढदिवसाचं कार्ड निघालं, तर कागद फाडून आतलं बटणाएवढं यंत्र वेगळं करावं लागलं, आणि ते माझ्या हातात शेवटपर्यंत गात होतं. पाऱ्याचा थर्मामीटर आणि मुदत संपलेली औषधं थेट सहाव्या कप्प्यात, तिथं वाद नाही. ओल्या कचऱ्याचं मात्र समाधान असतं. देवगुराडियाला 2022 च्या फेब्रुवारीत रोज 550 टन ओला कचरा जिरवणारा प्रकल्प सुरू झाला. त्यातून निघणाऱ्या गॅसवर शहरातल्या बस चालतात. बुरसलेलं लोणचं टाकताना मी मनातल्या मनात तेवढ्याचा प्रवास करून घेते.

आळस करून सगळं एका पिशवीत कोंबायची सोय नाही. गाडीवरची पोरगी पिशवी हातात घेऊन नुसती हलवते आणि परत देते, "आंटी, ये मिक्स है." शेजारच्या भाभी कुंपणावरून ऐकत असतात. परीक्षेत नापास झाल्यावरही मला इतकं ओशाळं वाटलं नसतं.

सासूबाईंचं वर्गीकरण याहून प्राचीन आहे. त्यांच्याकडे एकच कप्पा, त्याचं नाव 'असू दे'. बरण्यांची झाकणं असू देत, बरण्या नसल्या तरी. जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या होतील, हे मला पटतं. तांब्याचा बंब असू दे, हेही पटतं. त्याला चिंच-मिठानं घासलं की आंबटाबरोबर काळा थर निघून जातो आणि तो असा लखलखतो की टाकायचं बोलायची हिंमतच होत नाही. मोडक्या पंख्याचं पातं मात्र मी त्यांच्या दुपारच्या झोपेत अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, दिलं. त्यानं ते किलोवर घेतलं, काही विचारलं नाही. अटालेवाल्याचा हा मोठेपणा आहे.

राहिला तो पितळी स्टोव्ह, वातीचा नव्हे, पंपाचा. गाडीच्या सहाही कप्प्यांत तो बसत नव्हता. अटालेवाला पितळेचा भाव देत होता, पण सासूबाई त्याला हात लावू देईनात. "यावर मी तुझ्या नवऱ्याचं दूध गरम केलंय." शेवटी गौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एका काकूंनी पन्हं पिता पिता तो ओट्यावर पाहिला. त्यांची मुलगी पुण्यात नवं घर लावतेय, तिला असलं काहीतरी जुनं दिवाणखान्यात ठेवायला हवंच होतं. सासूबाईंनी स्टोव्ह लगेच देऊन टाकला, वर पिनही शोधून दिली. आंब्याची डाळ संपवून काकू उठल्या आणि दारात थबकल्या. "आमच्याकडे फिरकीचे चार तांबे पडलेत हो, तुम्हाला हवेत का?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "उद्याच पाठवा."