आमची वाटचाल : पॅकिंग शेडमधलं पाळणाघर

मखमलाबादच्या शिवारात आमची द्राक्षबाग. आता नावाला उरलीय. बागेच्या कडेला सासऱ्यांनी बांधलेलं पॅकिंग शेड. जानेवारी ते मार्च तिथे क्रेट, वजनकाटा आणि माल निवडणाऱ्या बायकांची लगबग. एप्रिल उजाडला की कुलूप. २०१४ च्या मार्चमधल्या गारपिटीने काढणीला आलेला माल मातीत घातला. निम्मी बाग तोडली आणि शेड बाराही महिने रिकामं पडू लागलं. मालक गावाला गेले की त्यांची कुत्री सांभाळायची, या आमच्या बोर्डिंगच्या धंद्याची सुरुवात ही एवढीच. प्राणिप्रेम वगैरे नंतर आलं.

पहिला पाहुणा देवळाली कॅम्पातल्या एका फौजी कुटुंबाचा लॅब्रेडॉर. घरच्या लग्नाला दूर जायचं होतं, कुत्रा न्यायची सोय नव्हती, आणि माझ्या यजमानांची त्यांच्याशी ओळख होती. त्यांनी पुढे कॅम्पात सांगितलं, आणि तिथे एकदा बोललं गेलं की जाहिरात लागत नाही. सुट्टी, कोर्स, बदली, कारणं वर्षभर असतातच. फौजी मंडळी सांगितल्या वेळेला कुत्रा आणतात, सांगितल्या वेळेला नेतात, आणि लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात असतं. गंगापूर रोड, कॉलेज रोडची गिऱ्हाइकं नंतर आली. त्यांचं कार्ड बहुधा घरी राहिलेलं असतं.

शेडच्या दुरुस्तीसाठी एका बँकेत कर्ज मागायला गेलो, तर साहेबांनी आमचा अर्ज दुग्धव्यवसायात बसवता येतो का ते पाहिलं. बसला नाही. मग माझ्या पाटल्या बसवल्या.

आता मुद्द्याचं. गिऱ्हाईक जागा बघायला येतं ते दिवसा. हिरवळ बघतं, कुत्री पळताना बघतं, मोबाइलवर व्हिडिओ काढतं, आणि विचारतं, ‘एसी आहे का?’ ‘रोज फोटो पाठवाल ना?’ पाठवतो की. पण ‘रात्री इथे कोण असतं?’ हे विचारणारा माणूस विरळा. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. दिवसभर कुत्री कुणीही खेळवेल. संध्याकाळी सात ते सकाळी सात हे बारा तास कसे जातात, यावर बोर्डिंगची लायकी ठरते.

आमच्या भागात तर त्याला आणखी एक कारण आहे. नाशिकच्या आजूबाजूला उसात, मळ्यांत, गोदाकाठच्या झाडीत बिबट्या आहे हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला आयतं ताट. बांधलेल्याला पळताही येत नाही. शेजारच्या वस्तीवरचं एक कुत्रं असंच गेलं, सकाळी तुटलेला पट्टा तेवढा मिळाला. म्हणून आमच्याकडे रात्री काहीही उघड्यावर नसतं. छातीएवढी पक्की भिंत, तिच्यावर पत्र्यापर्यंत वेल्डमेशची जाळी, आणि डोक्यावरची बाजूही बंद, कारण बिबट्या भिंत चढून वरून उतरतो. दिवेलागणीच्या आत सगळी मंडळी आत. कुणी म्हणालं, ‘आमच्या सिंबाला रात्री बाहेर मोकळं झोपायची सवय आहे’, तर मी हात जोडते.

पत्र्याखाली मे महिन्यात भट्टी होईल ही काळजी होतीच. द्राक्षवाल्याच्या घरात गारव्याचं सामान पडूनच असतं. पत्र्यावर चुन्याचा हात, वर शेडनेट आणि बागेतल्या ठिबकच्या नळीवर बसवलेले फवारे. तरी पग आणि फ्रेंच बुलडॉग मे महिन्यात आम्ही घेत नाही. त्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकून अंग नीट गार करता येत नाही. नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की अशा कुत्र्याने घरच्या पंख्याखाली राहावं.

शेडच्या मधोमध रात्रपाळीच्या काकांची खाट. कॅमेरे आहेत, पण कॅमेरा उठून बसत नाही. काका पूर्वी बागेत राखणीला होते, त्यामुळे झोपेतही कान उघडे. भुंकण्याने ते जागे होत नाहीत. वेगळा आवाज आला की होतात. एका रात्री दीडच्या सुमाराला त्यांचा फोन आला, ‘वहिनी, डॉबरमन ओकाऱ्या काढतोय, पण बाहेर काही पडत नाही. जागच्या जागी फिरतोय.’ मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत हे होतं. पोटात गॅस धरतो, पोट फुगतं आणि त्याला पीळ पडतो. मग रक्तपुरवठा तुटतो आणि सगळा हिशेब तासांवर येतो. मी पोचले तेव्हा त्याचं पोट बरगड्यांच्या मागे टणक झालं होतं, हिरड्या पांढरट. जीपमध्ये घालून डॉक्टरांकडे नेला. त्यांनी आधी गॅस काढला, मग पहाटे ऑपरेशन केलं. वाचला. सकाळी सातला कुलूप उघडणाऱ्या जागी तो वाचला नसता, हे डॉक्टरांचे शब्द.

त्याचे मालक तेव्हा लेहच्या पुढे कुठेतरी, फोनला रेंज नाही. ऑपरेशन करू द्यायचं की नाही हे ठरवायला आमच्याकडे त्यांच्या सहीचा कागद होता. हा कागद आम्ही सगळ्यांकडून भरून घेतो, आणि नव्या गिऱ्हाइकाला तो जरा अंगावर येतो. त्यात विचारलेलं असतं : तुमचे डॉक्टर कोण, तुमचा फोन लागला नाही तर नाशकातल्या कुणाला विचारायचं, इलाजावर किती रुपयांपर्यंत न विचारता खर्च करायचा, भूल द्यायला हरकत आहे का. ‘अहो, चार दिवसांत काय होणार आहे!’ म्हणत लोक रकाने मोकळे सोडतात. मोकळे रकाने घेऊन आम्ही कुत्रा ठेवत नाही. तुम्ही कुठेही ठेवा, पण ज्याने असा कागद पुढे केला नाही त्याला निदान एवढं विचारा, की रात्री दोनला कोणत्या डॉक्टरांना उठवणार.

कागदानंतर फाटकाशी दुसरं काम गोचीड बघायचं. हे काम सासूबाईंकडे. म्हशींच्या अंगावरच्या गोचिड्या काढण्यात त्यांचा जन्म गेला, तीच नजर इथे उपयोगी पडली. कुत्र्याला मांडीशी घेऊन बसतात. आधी कानाची पाळी उलटी करून आतला घडीचा भाग, मग पट्ट्याखालची मान, काखा, शेपटीचं मूळ, आणि सगळ्यात शेवटी पायाच्या बोटांमधली जागा, एकेक बोट फाकवून. मोठी गोचीड कुणालाही सापडते. तिळाएवढं पिल्लू बोटाला आधी लागतं, डोळ्याला मागून दिसतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर टिक फीव्हर इथे घरोघरी असतो. ताप, अन्नावरची वासना जाणं, फिकट हिरड्या, कधी नाकातून रक्त. लक्षणं दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात, त्यामुळे घरून आजार घेऊन आलेलं कुत्रं आमच्याकडे आजारी पडतं, आणि आमच्याकडून घेऊन गेलेलं घरी. दोन्हीकडून भांडण आमच्याशी. म्हणून तपासणी मालकासमोर होते, आणि गोळी किंवा मानेवरचं औषध आधी दिलेलं लागतं.

लसीचं तसंच. रेबीज, नाइन-इन-वन म्हणजे अनेक आजारांवरची एकच लस, आणि केनेल कफ म्हणजे एकाचा दुसऱ्याला लागणारा खोकला, त्याची. पहिल्या दोन लोकांना माहीत असतात, तिसरीचं नाव काढलं की ‘डॉक्टर म्हणाले गरज नाही’. घरात एकट्या राहणाऱ्या कुत्र्याला नसेलही. दहा-बारा जणांबरोबर राहायचं तर लागते. एकाला तो कोरडा ठसका लागला की काही दिवसांत ओळीने सगळे खोकतात, आणि मालकांना वाटतं घशात हाड अडकलंय. ‘कालच टोचून आणलंय’ असं म्हणत येणारे बरेच. काल टोचलेली लस आज कामाला लागत नाही, निदान पंधरवडा आधी हवी. लसी पुऱ्या न झालेलं पिल्लू आम्ही घेतच नाही. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना जुलाबांनी मारणारा विषाणू, जागेत शिरला तर महिनोन्‌महिने जमिनीत टिकतो, साध्या फिनेलला दाद देत नाही, ब्लीचच लागतं. एका पिल्लाच्या चार दिवसांच्या भाड्यासाठी कोण हा जुगार खेळेल?

आम्ही नाही म्हणतो ते फार, असं यजमान चिडून म्हणतात. खरंय. मांजरं आम्ही ठेवत नाही. मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं. कुत्र्यांच्या आवाजात आणून ठेवलं तर खाटेखाली बसून राहील आणि जेवणार नाही. मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर त्याच्या लिव्हरवर चरबी चढते, जाड मांजराच्या तर लवकर. त्याला घरातच राहू द्यावं आणि शेजारच्या कुणाला दोन वेळा पाठवावं; नुसतं खाणं टाकून निघायचं नाही, ते खाल्लं का, शी-शूच्या ट्रेमधली माती ओली झाली का हे बघायचं. त्या माणसाला दिलेले पैसे बोर्डिंगपेक्षा जास्त सत्कारणी लागतात. हे मी फोनवर सांगते आणि गिऱ्हाईक घालवते.

दुसरं म्हणजे अमेरिकेची बाळंतपणं. सूनबाईचं किंवा लेकीचं बाळंतपण, व्हिसावर सहा महिने राहता येतं म्हणून आजी-आजोबा दोघंही निघतात, आणि घरी बारा-तेरा वर्षांचा स्पिट्झ. अशा आज्या फोनवर रडतात. मला समजतं, पण सहा महिने हा बोर्डिंगचा काळ नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला अंधूक दिसतं, तो भिंती आणि फर्निचरच्या ओळखीवर घरात वावरतो. नव्या जागी तो आपटत राहतो. अशा घरांना मी एकच उपाय सुचवते : नाशकात शिकायला आलेला नात्यातला मुलगा घरी ठेवा. त्याला राहायला जागा, तुमच्या घराला माणूस, कुत्र्याला त्याचाच कोपरा. पुष्कळांचं असं जमलंय. नाहीच जमलं तर दोघांनी पाळीपाळीने जावं. आजोबांना ते सहसा पटतं, लेकीला पटत नाही.

‘बरोबरच नेऊ का?’ असंही विचारतात. रेल्वेत फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर मिळाली तर नेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, आणि ती मी माझ्या कुत्र्यासाठी निवडणार नाही. आकासा एअरने २०२२ च्या नोव्हेंबरपासून लहान प्राणी केबिनमध्ये घ्यायला सुरुवात केली, पण जर्मन शेफर्डवाल्याला त्याचा काय उपयोग?

२०२० च्या मार्चमध्ये आमच्याकडची कुत्री चार दिवसांसाठी आली होती. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २४ ला रात्री लॉकडाउनची घोषणा. कुणाचे मालक केरळात, कुणाचे दुबईत. विमानं बंद, जिल्ह्याच्या हद्दी बंद. त्याआधी अफवेमुळे चिकन मातीमोल झालं होतं, कोंबडीवाले बोलावून देत होते. एप्रिल लागला तसं मिळेनासंच झालं. मग भाकरी, अंडी, आणि शेजारच्या गोठ्यातलं ताक. नाजूक पोटाच्या पॉमेरेनियनपासून सगळ्यांना ते पचलं, ही माझ्यासाठी नवीन माहिती होती. दुबईचे मालक वंदे भारत मोहिमेच्या विमानाने जूनमध्ये परतले आणि विलगीकरण संपवून कुत्रा न्यायला आले. तेवढ्या दिवसांचं भाडं कुणाकडूनच पूर्ण घेतलं नाही, खाण्याचा खर्च घेतला. दोघांनी तोही नंतर देतो म्हणून सांगितलं. ते नंतर अजून यायचंय.

त्या वर्षी घरोघरी आलेली पिल्लं पुढे मोठी होऊन आमच्याकडे आली, तेव्हा धंदा खरा शिकायला मिळाला. माणसाविना एक तास न काढलेली कुत्री ती. दाराची जाळी कुरतडून हिरड्या रक्ताळून घ्यायची. तेव्हापासून चाचणीची एक रात्र सक्तीची केली. प्रवासाच्या महिनाभर आधी, मालक नाशकातच असताना, एक रात्र ठेवायचं. त्याने पाणी प्यायलं का, शी केली का, काका खाटेवर आडवे झाल्यावर तो आडवा झाला का, एवढंच बघायचं. ज्याला जमलं नाही त्याच्या मालकाला हातात महिना असतो. दिवाळीत मात्र नवं कुत्रं चाचणी करूनही नाही. फटाक्याच्या पहिल्या आवाजाला अनोळखी जागेतून कुत्रं जे उधळतं, त्याला दुहेरी फाटकही कमी पडतं.

सामान काय आणायचं, हा प्रश्न हमखास येतो. त्याचं रोजचं खाणं आणा, म्हणजे जुलाब होत नाहीत. न धुतलेली गोधडी आणा. आवडतं खेळणं घरी ठेवा, त्यावरून मारामाऱ्या होतात.

आता २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय. पर्वणीच्या दिवसांत गावाबाहेर जायचं म्हणून पंचवटी, रामकुंडाकडची मंडळी आत्तापासून जागा धरून ठेवायला फोन करतात. यजमानांचं म्हणणं, शेड वाढवू. जागा आहे, पत्रा आहे, आता बँकही ओळखते. मी म्हटलं, आपल्याकडे एका रात्रपाळीच्या माणसामागे दहा कुत्री, आणि रात्रपाळीची माणसं दोन. तिसरा माणूस काकांसारखा मिळाला तर पुढच्या दहा जाळ्या ठोकू. आजवर तिघे येऊन बघून गेले. तिघांनीही आधी विचारलं, शेडमध्ये वायफाय आहे का.