मणक्यातला गॅप आणि उलटे लटकण्याचे प्रयोग

आमच्या नागपुरात कंबर दुखू लागली की डॉक्टरांच्या आधी शेजारीपाजारी निदान करून मोकळे होतात, आणि ते बहुधा एकच असते : मणक्यात गॅप आला. गेल्या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कूलर स्टँडवर चढवताना मी कंबरेतून वाकले आणि तशीच वाकलेली असताना बाजूला वळले, तेव्हा अशी चमक भरली की कूलर नवऱ्याच्या हाती सोडून मी जागच्या जागी जमिनीवर बसले. दोन दिवसांत दुखणे डाव्या नितंबातून पोटरीपर्यंत उतरले. माझ्याही वाट्याला गॅपच आला, एवढे सगळ्यांनी एकमताने ठरवले.

एमआरआयमध्ये निघाले ते वेगळे. कंबरेच्या पाच मणक्यांपैकी चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी मागच्या बाजूला फुगून नसेवर टेकली होती. शरीराचा सर्वांत जास्त भार पेलणाऱ्या खालच्या दोन गाद्यांपैकी ही एक, त्यामुळे बहुतेकांची बिघडते तीही याच दोहोंपैकी. तिच्यातले पाणी कमी झाल्यामुळे दोन मणक्यांमधले अंतर घटले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे गॅप आलेला नव्हता, होता तोच कमी झाला होता. क्ष-किरणांच्या साध्या फोटोत हाडे दिसतात, गादी दिसत नाही, तिच्या जागी काळी पट्टी तेवढी दिसते. ती अरुंद झाली की डॉक्टर ‘गॅप कमी झाला’ म्हणत असावेत आणि घरी पोहोचेपर्यंत त्याचा ‘गॅप आला’ होत असावा, असा माझा तर्क आहे. हा शब्दच्छल वाटेल, पण पुढे ज्या यंत्रावर मी दहा हजारांच्या आसपास रुपये घातले, त्याचे काम नेमके गॅप वाढवण्याचे आहे, आणि ते समजल्याखेरीज त्यातून काय मागायचे हेच कळत नाही.

बहुतेकांचे असे दुखणे सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय ओसरते, असे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगून ठेवले होते. त्याबरोबर एक ताकीदही दिली होती : लघवीवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे. तसे काही झाले नाही. मग धंतोलीला फिजिओथेरपी सुरू झाली, त्यात शेक, थोडे व्यायाम आणि ट्रॅक्शन, म्हणजे कंबरेला पट्टा बांधून यंत्राने ओढणे. ट्रॅक्शनवरून उतरल्यावर फार मोकळे वाटे. मात्र त्रिमूर्तीनगरपर्यंत ऑटोत गचके खात परत येताना ते सारे सुख रस्त्यातच सांडून जाई. हीच ओढ घरी मिळाली तर, या विचारातून इन्व्हर्जन टेबल, म्हणजे घोटे अडकवून उलटे कलायची फळी, डोक्यात शिरले आणि बेसा भागातल्या एका कुटुंबाकडून वापरलेले, पण धडधाकट टेबल घरी आले.

डॉक्टरांनी त्याला सरळ होकार दिला नाही. माझ्या आईला काचबिंदू होता, म्हणून आधी डोळ्यांचा दाब तपासून या आणि आठवडाभर रक्तदाबाची नोंद ठेवा, असे त्यांनी सांगितले. तेव्हा मला ही अट जाचक वाटली होती. नंतर वाचनात आले की चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी शीर्षासन करणाऱ्यांच्या डोळ्यांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते, आणि त्या आसनात डोळ्यांतला दाब साधारण दुप्पट होतो असे त्यांना आढळले होते. टेबलावर डोके खाली गेले तरी डोळ्यांना आसन आणि यंत्र यांतला फरक कळत नाही. काचबिंदू, दृष्टिपटलाचे विकार, अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, पूर्वी झालेला पक्षाघात, ठिसूळ झालेली हाडे, गर्भारपण, यांपैकी काहीही असेल तर या वाटेला जाऊच नये. माझे डोळे आणि रक्तदाब दोन्ही ठीक निघाले, म्हणून पुढचे सगळे घडले.

यंत्र तसे साधे आहे. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी लोखंडी चौकट, तिच्या मधोमध आडव्या आसावर झुलणारी फळी, खालच्या टोकाला घोटे पकडणारे जाड रबरी गोळे आणि फळी किती कलावी यावर लगाम ठेवणारा एक पट्टा. त्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उंचीचा दांडा. आपल्या उंचीप्रमाणे तो लावला की शरीराचा तोल नेमका आसावर येतो. मग हात डोक्याकडे नेले की फळी सावकाश मागे कलते आणि हात पुन्हा शरीराशी आणले की वर येते. मी पाच फूट दोन इंच, नवरा पाच फूट नऊ. हे यंत्र बायकांना काय जमणार, मी दाखवतो, अशा आवेशात तो माझ्याच मापावर चढला आणि हात वर करताच दाणकन उलटा झाला, कारण त्याचा निम्म्याहून अधिक भार आसाच्या डोक्याकडच्या बाजूला गेला होता. पट्टा बांधलेला होता म्हणून मानेवर बेतले नाही. त्याला परत उभा करायला मला आणि मुलाला दोघांना लागावे लागले. त्या दिवसापासून दांड्यावर माझ्या मापाला लाल नेलपॉलिशची खूण आहे आणि घरात कोणी हजर असल्याशिवाय टेबल वापरायचे नाही, असा नियम आहे.

सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या दारातच थबकल्या. “काय वं, वटवाघळासारखी काहून लटकून राहिली?” एवढेच म्हणाल्या आणि माझा ड्रेस पायजम्यात नीट खोचलेला आहे की नाही हे पाहून देवघरात गेल्या. जाता जाता हेही लिहून ठेवते, की साडी किंवा घेरदार ड्रेस या यंत्रावर चालत नाही.

पूर्ण उलटे व्हावे लागते हा गैरसमज मला सुरुवातीला होता. वहीत हिशेब मांडल्यावर तो गेला. माझे वजन ६४ किलो. त्यातले कंबरेच्या वरचे साधारण ३५ किलो धरले, तर आडव्यापासून ३० अंश कलल्यावर त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे साडेसतरा किलोची ओढ कंबरेला मिळते आणि ६० अंशांवर ती ३० किलोपर्यंत जाते. पुढचे ३० अंश जाऊन हाती लागतात ते जेमतेम आणखी पाच किलो, आणि डोक्यात साकळणारे रक्त वेगळे. पाठ फळीवर घासत असल्यामुळे प्रत्यक्षातली ओढ हिशेबापेक्षा कमीच असते, हे खरे. मी पहिले दोन आठवडे २० अंशांवर एकेक मिनिट राहिले आणि महिनाभराने ४५ अंशांवर थांबले. तिथून पुढे जायची गरज आजवर वाटलेली नाही.

माझी खरी चूक झाली ती वर येताना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाराची घंटा वाजली म्हणून मी घाईने सरळ झाले, आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन कंबरेला पहिल्या दिवसासारखाच झटका बसला. ताणलेल्या, सैलावलेल्या भागावर सगळा भार एकदम परत पडल्यावर स्नायू आखडणारच, असे फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावले. आता मी फळी आडवी झाली की दीड-दोन मिनिटे तशीच पडून राहते आणि मगच उभी होते. दारावर कोणीही असो.

याचा उपयोग झाला का, याचे उत्तर मला प्रामाणिकपणे द्यायचे असेल तर ते वेळेच्या मापात द्यावे लागेल. टेबलावरून उतरल्यावर पोटरीतली कळ तासभर, फार तर दीड तास मंदावत असे. नंतर ती परत येई. गादीवर दिवसभर भार पडतो, बसून पुढे झुकले की तो आणखी वाढतो; स्वीडनच्या नाखेमसन यांनी १९६०-७० च्या दशकांत गादीत सुई घालून मोजले, तेव्हा उताणे झोपलेल्या माणसाच्या गादीतला दाब उभ्या माणसाच्या सुमारे पावपट भरला होता. पाच मिनिटांत वाढलेला गॅप सीताबर्डीच्या कार्यालयात आठ तास खुर्चीवर बसल्यावर टिकेल, अशी अपेक्षाच चुकीची आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उलटे लटकणाऱ्या गटातल्या ७७ टक्के रुग्णांची शस्त्रक्रिया टळली आणि दुसऱ्या गटात २२ टक्क्यांची, हे आकडे विक्रेते आवडीने सांगतात. दोन्ही गटांत मिळून २४ जणच होते हे सांगत नाहीत. उलट ट्रॅक्शनच्या ३२ चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये एकत्र आढावा घेतला, त्यात कंबरदुखीवर त्याचा परिणाम नगण्य दिसला. गंमत म्हणजे रुग्णाला शिडीला बांधून, पाठीला आलेला बाक कंबरेकडे असेल तर डोके खाली करून, गदागदा हलवण्याच्या पद्धतीचे वर्णन प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांतही आहे, आणि लोकांना थक्क करू पाहणारे वैद्यच असले प्रकार करतात, असा शेराही तिथेच मारलेला आहे.

तरीही टेबल मी विकले नाही, ते त्या एका तासासाठी. मे महिन्यात दुखण्यामुळे मी चालणेच सोडले होते. पहाटे साडेपाचला चार मिनिटे टेबलावर आणि लगेच, कळ परतायच्या आत, उन्हे चढायच्या आत, कॉलनीच्या रस्त्याने वीस मिनिटे चालणे आणि मग भुजंगासन, सेतुबंधासन, पोटाचे स्नायू घट्ट करण्याचे दोन व्यायाम, असा क्रम ताईंनी लावून दिला. जुलैपर्यंत पोटरी शांत झाली. ती टेबलाने झाली, व्यायामाने झाली की बारा आठवडे सरल्यामुळे आपोआप झाली, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सर्वांत मोठे श्रेय मी व्यायामाला देते आणि नवरा अर्थातच टेबलाला देतो.

परवा वरच्या मजल्यावरच्या काकू खास टेबलासाठी आल्या. त्यांच्याही मणक्यात गॅप आला आहे आणि तो आमच्या यंत्राने भरून निघेल, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. मी आधी रक्तदाब मोजला. तो १६० च्या वर होता, शिवाय गोळी दोन दिवस चुकली होती. चहा दिला, डॉक्टरांचा पत्ता दिला, पण टेबलावर झोपू दिले नाही, आणि तेव्हापासून त्या लिफ्टमध्ये माझ्याशी बोललेल्या नाहीत.