आखाजीचा फोटो

आमच्याकडे दिवाळी चुकली तर चालते, पण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावी गेलं नाही तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. यंदा मी एक दिवस आधीच निघालो, त्याचं कारण म्हणजे देव्हाऱ्याशेजारी टांगलेला एक फोटो. लहानपणापासून ऐकत आलोय की आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात लढले, डोक्याला गोळी लागली, आणि विलायतेत राजाच्या महालात ते बरे झाले. फोटोत पंधरावीस माणसं आहेत, काहींच्या काखेत कुबड्या, आणि दुसऱ्या रांगेत डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला जो आहे तो पणजोबा. दर आखाजीला घागर भरली की हा फोटो खाली उतरतो, त्याला गंध लावतात आणि त्याच्यासमोर पितरांची आगारी, म्हणजे निखाऱ्यावर त्यांच्या नावाचा घास, टाकतात.

महालाची गोष्ट मला आधी फेकाफेकी वाटायची. पण तसं नाहीये. इंग्लंडमधे ब्रायटनला रॉयल पॅव्हेलियन नावाचा खरोखरचा राजवाडा आहे, घुमट वगैरे असलेला, आणि १९१४ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत तिथे हिंदुस्थानी जखमी शिपायांचं हॉस्पिटल होतं. फ्रान्सच्या आघाडीवरून आणलेले लोक तिथे ठेवायचे, जातीधर्म सांभाळायला नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं, हिंदूंचे मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे. जे हिंदू आणि शीख शिपाई तिथे वारले त्यातल्या ५३ जणांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला, तिथे आज संगमरवरी छत्री उभी आहे. हे सगळं मी रात्रभर गाडीत मोबाईलवर वाचत होतो, डोळे चुरचुरायला लागले तरी बंद करवत नव्हतं, आपला माणूस तिथे असेल या विचारानेच अंगावर काटा येत होता.

जळगावला उतरलो, पाळधी, एरंडोल करत एसटीने पारोळ्याकडे. एप्रिल अखेरचं खानदेशातलं ऊन ज्याने सोसलंय त्यालाच कळेल, दहा वाजताच खिडकीची दांडी हाताला भाजते. शेतं उघडी पडलेली, बांधाबांधावर पऱ्हाट्यांचे ढीग, आणि प्रत्येक निंबाखाली झोका बांधून माहेरवाशिणी गाणी म्हणतायत. घरी पोचलो तर मोठी माय, म्हणजे आजी, खापरावर मांडे टाकत बसलेली, वय शहाऐंशीच्या पुढे, सुना नको नको म्हणतात पण मांडा हातावर फिरवायचा तर तिनेच.

जिभाऊंना, मोठ्या मायच्या मुलाला, म्हटलं फोटो चौकटीतून काढून नीट स्कॅन करून आणतो. जिभाऊ लगेच तयार झाले नाहीत. चौकट त्यांच्या वडिलांनी बसवलेली, ती कुणी उघडलेली नव्हती. शेवटी ते स्वतःच फोटो धोतरात गुंडाळून माझ्यामागे मोटरसायकलवर बसले आणि आम्ही पारोळ्याला एका स्टुडिओत गेलो.

स्टुडिओवाला तरुण पोरगा, लग्नाचे अल्बम करतो, पण हात फार हळुवार. मागचे खिळे एकेक करून काढले, कागद कसरीने खाल्लेला, आणि फोटोभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी उचलली तर फोटो उजवीकडे आणि खाली चांगला दोनदोन बोटं जास्त निघाला. स्कॅन करून स्क्रीनवर मोठा केला आणि पहिलीच गोष्ट दिसली ती म्हणजे पणजोबांचा रुमाल हा रुमाल नव्हताच. बँडेज होतं. त्याखाली गोरा चेहरा, फिकट डोळे, भुवया जवळजवळ पांढऱ्या. इंग्रज पोरगा, असेल वीस-एकवीसचा. जिभाऊ काही बोलले नाहीत, नुसते खुर्चीवर बसले.

मग मी एकेक बघत गेलो. सगळ्यांच्या अंगावर फिकट सूट आणि गळ्यात काळा टाय. हा बऱ्या होत असलेल्या ब्रिटिश शिपायांचा हॉस्पिटलचा पोशाख, प्रत्यक्षात निळा सूट आणि लाल टाय, त्या काळच्या फोटोच्या प्लेटींवर निळा पांढुरका यायचा आणि लाल काळा, म्हणून असा दिसतो. डोक्यावर टोप्या मात्र ज्याच्या त्याच्या पलटणीच्या, बिल्ले वेगवेगळे, म्हणजे ही एका पलटणीची माणसं नाहीत. एकजण खाकी कोटात आहे, त्याच्या डाव्या बाहीवर मनगटाच्या वर दोन उभ्या बारीक पट्ट्या. जखमेची ही पट्टी १९१६ च्या जुलैपासून द्यायला लागले, जितक्यांदा जखमी तितक्या पट्ट्या, म्हणजे फोटो त्याआधीचा असूच शकत नाही. दोन सिस्टर आहेत, खांद्यावर आखूड केप आणि झगा घोट्यापर्यंत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचाही नाही.

तरी माझं मन ब्रायटन सोडत नव्हतं, कारण हिंदुस्थानी शिपाई गेल्यावर १९१६ पासून त्याच राजवाड्यात हातपाय गमावलेले गोरे शिपाई ठेवायला लागले होते, आणि फोटोत एकाची बाही पिनने दुमडलेली आहे. पण मागे ओसरी आहे, कौलारू, आणि दोन खांबांच्या मधे वाळ्याची ताटी लटकलेली. एकाच्या मांडीवर सोला हॅट, उन्हात घालायची साहेबी टोपी. विलायतेत वाळ्याची ताटी कशाला लागेल? खालच्या पांढऱ्या कडेला इंग्रजीत काहीतरी खरडलेलं, अर्धं उडालेलं, शेवटचं तेवढं वाचता येत होतं: 'लाली'.

आणि उजव्या कडेला, पट्टीखाली इतकी वर्षं झाकलेला, धोतर-कोटातला एक हडकुळा पोरगा, हातात सुरई.

घरी आलो आणि मोबाईल मोठ्या मायच्या हातात दिला, काहीच सांगितलं नाही. तिने चष्मा पुसला, बोट सरळ त्या पोरावर ठेवलं. "कान देख ना त्यास्ना," म्हणाली. कान खरंच बाहेर आलेले, जिभाऊंचे आहेत तसे, माझे आहेत तसे. लाली म्हणजे काय ते कळत नाही म्हटलं तर म्हणते, "लाली नई रे भो, देवळाली. त्या देवळालीले व्हतात." मग भिंतीवरच्या त्या दुसऱ्याला आपण पणजोबा म्हणत होतो ते? "माले तं तो कधीच त्यास्नासारखा दिसना नई. पन माले कोन इचारस?"

नाशिकजवळच्या देवळालीला लष्कराची मोठी छावणी होती आणि त्या युद्धात तिथे गोऱ्या शिपायांचं मोठं हॉस्पिटल होतं. इराकच्या, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियाच्या लढाईतले जखमी बसऱ्याहून बोटीने मुंबईला यायचे. पहाटे माझी गाडी त्याच देवळालीवरून आली होती, मी खाली मान घालून ब्रायटनबद्दल वाचत बसलो होतो. त्या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली, त्यातलीच लाखो बंदूक न उचललेली, डोल्या वाहणारी, पाणी भरणारी, कपडे धुणारी, आणि आमच्या पणजोबांसारखे इथेच राहून तेच करणारे वेगळेच. त्यांचे फोटो फार कमी, आणि असले तर असेच, कडेला.

मोठी माय लग्न होऊन आली तेव्हा पणजोबा साठीचे होते. ते तिला सांगायचे की गोऱ्यांना आपला एकच शब्द नीट यायचा, 'पानी'. रात्रभर ह्या खाटेवरून त्या खाटेवरून पानी, पानी. म्हातारपणीही ते झोपेतून उठून बसायचे आणि अंधारात तांब्या भरायला निघायचे. तिने ते ओळखून उशाशी भरलेला तांब्या ठेवायला सुरुवात केली, शेवटपर्यंत ठेवला. हे ती मला सांगत होती आणि जिभाऊ, तिचा सख्खा मुलगा, हे पहिल्यांदा ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी आखाजी. घागर भरली, वर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवल्या. जिभाऊंनी फोटो पट्टीशिवाय नुसताच पाटावर टेकवून ठेवला, कडेच्या पोराला गंध लावलं, गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकला. मला वाटलं झालं. तर ते तसेच बसून राहिले, मग मधल्या रांगेतल्या बँडेजवाल्याकडे बघून मोठ्या मायला म्हणाले, "आनखी एक घास दे. इतला वरीस आपलाच घर जेवना तो."