इंजिनाआधी फेरे मोजले

आप्पांनी पिकअपच्या गिअरच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची एक पट्टी बांधली होती. पट्टीचं दुसरं टोक सीटच्या फ्रेमला. घाट उतरताना दुसरा गिअर सटकायचा, म्हणून हा बंदोबस्त. आप्पा गेले, गाडी माझ्याकडे आली, ती ट्यूब मी तीनदा बदलली. गेल्या दिवाळीनंतर वीस पोती रताळी घेऊन म्हापशाला निघालो होतो. कणकुंबी, चोर्ला मागे पडलं, उतार लागला आणि चौथी ट्यूब तुटली. गिअर न्यूट्रलला आला, गाडी मोकळी सुटली. दोन्ही पाय ब्रेकवर देऊन ती कशीबशी डोंगराच्या कडेला टेकवली. शेजारी माझा मुलगा होता. त्याने डॅशबोर्ड धरलेला हात बराच वेळ सोडला नाही.

त्या दिवशी ठरवलं, आता ट्यूब बांधायची नाही.

गाडी १९९२ ची, महिंद्राची, जीपच्या तोंडाची. आत प्युजो या फ्रेंच कंपनीचं २११२ सीसी डिझेल इंजिन आणि चार गिअर. इंजिनही थकलंय. चालू गाडीचं ऑइलचं झाकण उघडलं की आतून भकाभका धूर येतो, झाकण नुसतं ठेवलं तर थडथड उडतं. म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर गेले. "विक आणि नवी घे" असं घरात दाजींपासून सगळे म्हणाले. पण आमचा माल हंगामी, रताळी, कोबी आणि थोडी मिरची. बारा महिन्यांचा हप्ता त्यातून निघत नाही. आणि आप्पांची गाडी भंगारात तुटताना मला बघवणार नाही, हेही खरं आहे.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मेस्त्रींनी तीन वाटा सांगितल्या. आहे तेच प्युजो उघडून नवे लायनर, पिस्टन घालायचे. नाहीतर महिंद्राचंच २५२३ सीसीचं साधं डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन बसवायचं, जे पुढे कमांडर, मार्शलमध्ये आलं. तिसरी वाट, नव्या बोलेरो पिकअपचं कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन. तिसरी मी तिथेच सोडली. त्याला कॉम्प्युटर, सेन्सर, वेगळं वायरिंग, सगळंच लागतं. रात्री दोन वाजता जांबोटीच्या जंगलात सेन्सर गेला तर मी काय करणार? साधं डीआय मात्र हवा काढून, नोझल सैल करून रस्त्यावर चालू करता येतं.

राहिली दोन. इथे मी आधी चुकीचा विचार करत होतो. हॉर्सपॉवर बघितली तर दोन्हींची साठीच्या आसपासच. मग खर्च कशाला? मेस्त्री म्हणाले, "अहो, ती किती फेऱ्यांना मिळते ते बघा की." प्युजो आपली पूर्ण ताकद मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांना देतं, डीआय बत्तीसशेला. म्हणजे तेवढंच काम डीआय सावकाश फिरून करतं, प्रत्येक फेऱ्याला त्याचा रेटा जास्त. मुळात ते ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. शिवाय प्युजोत डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं, उष्णता तिथल्या भिंती खातात, म्हणून थंडीत हीटर लावल्याशिवाय ते उठत नाही. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या वाटीत पडतं. आवाज कडक येतो, पण डिझेल कमी पितं. भरल्या गाडीने चोर्ला चढायचा तर मला हेच पाहिजे.

पण सावकाश फिरणारं इंजिन जुन्याच गिअरला जोडलं तर हायवेला गाडी रडणार, हे मेस्त्रींनी मला दाखवून दिलं. मागचं एक चाक जॅकवर उचललं, गाडी न्यूट्रलला. टायरवर खडूची रेघ, प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर, खडूची रेघ. मी चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवलं, मुलगा खाली झोपून शाफ्टचे फेरे मोजत होता. एकच चाक उचललं की डिफरन्शिअलमुळे शाफ्ट अर्धाच फिरतो, म्हणून दोन फेरे. "पाच झाले," तो ओरडला, "आणि वर अर्ध्याला थोडं कमी." म्हणजे मागच्या ॲक्सलचा क्राऊन ५.३८ चा, जुन्या जीपचा: शाफ्टचे ५.३८ फेरे तेव्हा चाकांचा एक.

मग वहीवर हिशेब. टायरचा घेर दोरीने मोजला, २.३ मीटर. इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर, चौथा गिअर सरळ एकास एक, म्हणजे इंजिनाचे आणि शाफ्टचे फेरे सारखे. २५०० भागिले ५.३८ म्हणजे चाकाचे मिनिटाला साधारण ४६५ फेरे. ताशी ६४ किलोमीटर. निपाणीकडे जाताना हायवेला एवढ्यावर दिवसभर चालवायचं तर मागून येणारे ट्रक अंगावर येतात. त्याहून पळवायचं तर डीआय ओढून ओढून दमवायचं. पाचवा गिअर असलेला बॉक्स घेतला आणि पाचवा ०.८ चा धरला, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचा ०.८ फेरा, तर त्याच २५०० फेऱ्यांवर ८० मिळतात. क्राऊन तसाच ठेवायचा, तो घाटात उपयोगी पडतो. दुसरा गिअर सटकायची भानगडही बॉक्सबरोबर जाते. खरं तर मला गिअरबॉक्सच बदलायचा होता, इंजिन त्याच्या मागोमाग आलं.

बाकीची कामं ऐकून मात्र दोन दिवस झोप लागली नाही. पाच गिअरचा बॉक्स लांब असतो, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करायचा. त्याला लेथवाला उद्यमबागेतच आहे, तिथे लोखंडाच्या कामाला तोटा नाही. इंजिनाची फाउंडेशन नवी वेल्ड करायची. क्लच प्लेटच्या मधले दाते बॉक्सच्या शाफ्टला जुळले पाहिजेत, नाहीतर सगळं उघडून परत. रेडिएटर मोठा. आणि ब्रेक. यावर मी हटून बसलो. मेस्त्री म्हणत होते ब्रेक नंतर बघू. मी म्हटलं, आधी चारही ड्रम, नवे लायनर, नवे सिलिंडर आणि ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर, मग इंजिन. त्या उतारावर माझा मुलगा बसला होता, मेस्त्री नव्हते.

एक गोष्ट अजून बाकी आहे, ती कागदाची. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, जे लिहिलंय त्याच्याविरुद्ध गाडी बदलता येत नाही, आणि इंजिन बदललं तर १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. बरेच जण गुपचूप बसवतात. अपघात झाला आणि इंजिन नंबर जुळला नाही तर विमा काय देणार? आणि माझी मालाची गाडी, फिटनेसला दरवर्षी उभी राहते. म्हणून आधी विचारायचं ठरवलं. अर्ज कन्नडमध्ये लागला, तो मुलीने लिहून दिला. तिची शाळा कन्नड माध्यमाची, अक्षर माझ्या मराठीपेक्षा चांगलं.

अर्ज देऊन तीन आठवडे झाले. नाही म्हणाले तर प्युजोलाच नवे लायनर घालायचे आणि फक्त चार गिअरचा बॉक्स उघडून दुसऱ्या गिअरचे दाते बदलायचे, एवढं मेस्त्रींशी बोलून ठेवलंय. डीआयला सध्या फक्त बयाणा दिलाय. ते त्यांच्या शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर आहे, वर ताडपत्री. शनिवारी गेलो की नोझलच्या भोकांतून थोडं ऑइल सोडतो आणि फ्लायव्हील हाताने एक फेरा फिरवतो, रिंगा गंजू नयेत म्हणून. ब्रेकचं काम झालंय. जुनी पिकअप आता रिकामी असेल तरच बाहेर काढतो, आणि ती फक्त बाजारापर्यंत.