आमची वाटचाल : कोकणातल्या रस्त्यांसाठी मोटारसायकलचे दिवे

आमचं दुकान रत्नागिरी–कोल्हापूर रस्त्यावर आहे, हातखंब्याच्या तिठ्यापासून आंबा घाटाकडे जाताना. वडिलांनी सुरू केलं तेव्हा ते ट्रक-टेम्पोंच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. सेल्फ, डायनॅमो, हॉर्न, बॅटरी असलीच कामं. आज आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या मोटारसायकली असतात आणि काम एकच: रात्री आणि पावसात रस्ता नीट दिसावा म्हणून जादा दिवे बसवणं. हे काम आमच्या हातात कसं आलं आणि आम्ही ते कसं करतो, ते इथे लिहितो आहे.

ट्रकवाला एकदा काम करून घेऊन पुढे निघून जातो. गावातली माणसं मात्र रोज त्याच रस्त्याने जातात आणि जातात मोटारसायकलवर. पहाटे मिरकरवाडा बंदरावरून बर्फातली मासळी घेऊन लांजा, देवरुख, साखरप्याकडे निघालेले मासळीवाले. रात्रपाळी करून घरी येणारी कारखान्यातली पोरं. आंब्याच्या दिवसांत पेट्या बांधून निघालेले बागायतदार. शिमग्यानंतर नमनाच्या खेळाहून पहाटे परतणारी मंडळी. या सगळ्यांचा रस्ता सड्यावरून (कातळाच्या उघड्या माळावरून), घाटातून, नाहीतर दोन्ही बाजूंनी झाडी अंगावर आलेल्या वळणांतून जातो, आणि अशा रस्त्यावर खांबावरचा दिवा मैलोन् मैल नसतो. पावसाळ्यात गुरं डांबरावर येऊन बसतात, कारण तिथे चिखल नसतो आणि माश्या-डासही कमी असतात. काळ्या रस्त्यावर बसलेली काळी म्हैस साध्या हेडलाइटमध्ये अगदी जवळ गेल्यावरच दिसते. ताशी साठच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एवढं अंतर कापलेलं असतं.

आमची पहिली गिऱ्हाइकं म्हणजे हे मासळीवाले. त्यांच्या गाड्या जुन्या, शंभर सीसीच्या. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालत नसे, थेट मॅग्नेटच्या कॉइलवर, म्हणजे इंजिन फिरलं की वीज तयार करणाऱ्या कॉइलवर चाले. म्हणजे रेस दिली की उजेड, रेस सोडली की अंधार. घाटात पावसात चढताना गाडी हळू चालते, आणि नेमका तेव्हाच दिवा मंदावतो. मासळीवाले यायचे आणि म्हणायचे, "दादा, मोठा बल्ब टाका." मोठा बल्ब टाकून काही होत नाही. गाडीच्या हेडलाइटचा बल्ब पस्तीस वॉटचा आणि कॉइलही त्या बेताचीच. मोटारगाडीचे पंचावन्न वॉटचे दोन हॅलोजन लावले तर एकशे दहा वॉट झाले, म्हणजे नऊ अँपियरच्या वर करंट. एवढं त्या कॉइलमधून निघतच नाही. कमी पडलेलं बॅटरीतून जातं आणि आठवड्याभरात बॅटरी बसते.

एलईडी स्वस्त झाले तसं हे गणित बदललं. आमच्या किनाऱ्यावर एलईडी म्हटलं की आधी मासेमारीचाच वाद आठवतो. एलईडीच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, आणि पारंपरिक मच्छीमारांसाठी तो जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. मोटारसायकलपुरतं बोलायचं तर एलईडीमुळे दहा-दहा वॉटचे दोन दिवे पावणेदोन अँपियरच्या आत चालू लागले. हे छोट्या गाडीलाही झेपतं. तरी दिवे लावण्याआधी आम्ही मल्टीमीटर लावतोच. इंजिन चालू ठेवायचं, सगळे दिवे लावायचे, ब्रेक दाबून मागचा दिवाही पेटवायचा आणि मग बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्ट दिसतात ते बघायचं. तेराच्या वर राहिले तर चार्जिंग पुरतं आहे. बारा-साडेबाराला आले तर बॅटरी खर्ची पडते आहे, मग कमी वॉटचे दिवे घ्या असं आम्ही सांगतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप चालू राहणं सक्तीचं झालं. त्यामुळे नव्या गाडीत हेडलाइट बंद करून वीज वाचवायची सोय उरली नाही, तेवढा हिशेब आधीच धरावा लागतो.

डब्यावर छापलेल्या ल्युमेनच्या (उजेड मोजायच्या एककाच्या) आकड्यांवर आमचा विश्वास नाही. चांगली एलईडी एका वॉटला साधारण शंभर ते दीडशे ल्युमेन देते. वीस वॉटच्या दिव्यावर वीस हजार ल्युमेन लिहिलेलं असेल तर तो आकडा शक्यच नाही, आणि जो माल छपाईतच खोटं बोलतो त्याच्या आतल्या ड्रायव्हरवर (एलईडीला बेताचा करंट देणाऱ्या सर्किटवर) आणि रबरी सीलवर विसंबण्यात अर्थ नाही. असा माल आम्ही दुकानात ठेवत नाही. त्यापायी गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेलं तरी चालेल.

खरा कस लागतो तो वायरिंगचा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाऊस नसतो तेव्हा हवेत मीठ असतं. आरे-वारेच्या रस्त्याने रोज गणपतीपुळ्याला जाणारी गाडी आणि साखरप्याची गाडी शेजारी शेजारी उभ्या केल्या तर बोल्टांच्या रंगावरूनच कोणती कुठली ते कळतं. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर इथे एक पावसाळा काढत नाही. टेपच्या आत पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं, मग भुगा होतो आणि दिवा लुकलुकू लागतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक जोड सोल्डर होतो, त्यावर आतून गोंद असलेली, गरम केली की आकसून बसणारी हीट-श्रिंक नळी चढते, आणि जिथे उघडझाप लागते तिथे रबरी सीलचा कनेक्टर ग्रीस भरून बसतो.

या पद्धतीवरचा आमचा विश्वास चिपळूणच्या पुरानंतर पक्का झाला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं आणि हजारो वाहनं बुडाली. पुढचे काही आठवडे तिकडच्या गाड्या वायरिंगसाठी टेम्पोत घालून आमच्याकडे येत होत्या. चिखल सीटखाली, स्विचमध्ये, हेडलाइटच्या वाटीत, सगळीकडे. त्या गाड्या उघडताना एक गोष्ट डोळ्यांनी बघितली. साधे कनेक्टर आतून हिरवेगार झालेले आणि ग्रीस भरलेले कनेक्टर पुसले की चकचकीत. त्या दिवसांत धाकटा भाऊ आणि दुकानातली दोन्ही पोरं रात्री उशिरापर्यंत बसत होती. चिपळूणकरांकडून आम्ही तेव्हा फक्त सामानाचे पैसे घेतले. त्यातली बरीच माणसं आजही वाट वाकडी करून आमच्याकडे येतात.

दिवा कुठे लावायचा, यावर गिऱ्हाइकांशी सगळ्यात जास्त बोलावं लागतं. बहुतेकांना तो वर हवा असतो, हँडलपाशी, दिसायला भारी. आम्ही लेग गार्डवर किंवा पुढच्या शॉकअपच्या खालच्या बाजूला सुचवतो. जुलै-ऑगस्टमध्ये आंबा घाटात धुकं उतरतं तेव्हा डोळ्यांच्या जवळ असलेला दिवा समोरच्या थेंबांवर आदळून सरळ आपल्याच डोळ्यांत परत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवा खाली असला की तो धुक्याखालून रस्त्यावर पडतो आणि परतीचा उजेड नजरेच्या रेषेत कमी येतो. पिवळा दिवा धुकं कापतो असं सगळे म्हणतात. धुक्यातले थेंब सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात, तेव्हा रंगामुळे धुकं कापलं जात नाही. मात्र निळसर पांढऱ्या उजेडाने डोळे जास्त दिपतात. पिवळा, म्हणजे तीन हजार केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचा, तासन् तास सोसवतो. घाटवाल्यांना आम्ही पिवळाच देतो, रुंद पसरणारा. लांब फेकणारा झोत सड्यावरच्या सरळ रस्त्याला बरा. घाटातल्या वळणावर तो दरीत जातो आणि ज्या बाजूला आपण वळतो आहोत ती बाजू काळीच राहते. शॉकअपला लावलेला दिवा हँडलबरोबर वळतो, लेग गार्डवरचा वळत नाही, म्हणून तिथे पसरट दिवाच हवा.

खाली दोन बाजूंना दोन दिवे असण्याचा आणखी एक फायदा फार लोकांच्या लक्षात येत नाही. रात्री एकट्या हेडलाइटवरून समोरच्याला गाडी किती लांब आहे आणि किती वेगात येते आहे ते नीट समजत नाही. हेडलाइट आणि खालचे दोन मिळून त्रिकोण दिसतो, आणि गाडी जवळ येते तसा तो मोठा होताना दिसतो. ओव्हरटेक करू पाहणाऱ्या ट्रकवाल्याला तेवढा अंदाज पुरतो.

जोडणीच्या बाबतीत आमचे काही नियम आहेत आणि ते आम्ही कोणासाठी मोडत नाही. मूळ वायरिंगला कात्री लावायची नाही. बॅटरीपासून स्वतंत्र वायर, बॅटरीला लागूनच फ्यूज (वीस-तीस वॉटला पाच अँपियरचा पुरतो), मग रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्याने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. हँडलवरच्या स्विचमधून दिव्याचा सगळा करंट जाऊ द्यायचा नाही, नाहीतर स्विच वितळतो. रिलेला इशारा चावीच्या लाइनमधून द्यायचा, म्हणजे चावी काढली की दिवे बंद, बॅटरी शाबूत. लांब फेकणारे पांढरे दिवे आम्ही अप्परच्या लाइनवर जोडतो. समोरून गाडी आली की अंगठ्याने डिपर मारायचा, हेडलाइट खाली येतो आणि तेही बंद. अंधाऱ्या वळणावर माणूस दोन-दोन स्विच शोधत बसत नाही. लाल-निळे लुकलुकणारे दिवे कोणी मागितले तर सरळ नाही म्हणतो.

आणि मग दिव्याच्या झोताचा रोख. माझ्या मते सगळ्या कामात महत्त्वाचा भाग हाच, आणि बाजारात सगळ्यात कमी वेळ त्यालाच दिला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की दिव्याचा झोत असा खाली वळवलेला असावा, की दिव्यापासून आठ मीटरवर, उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला तो दिपवणार नाही. दीड मीटर म्हणजे साधारण समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांची उंची. दुकानामागच्या जांभ्याच्या भिंतीला आम्ही चुना लावून रेषा मारल्या आहेत आणि आठ मीटरवर फरशी बसवली आहे. गाडी त्या फरशीवर, मालक सीटवर. लेग गार्डवरचा दिवा जमिनीपासून पासष्ट सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवर त्याच्या झोताची वरची कड पंचावन्नवर आणायची. आठ मीटरमध्ये दहा सेंटिमीटर उतार, म्हणजे झोत बावन्न मीटरवर जमिनीला टेकतो. ताशी साठला हे तीन सेकंदांचं अंतर आहे. कोरड्या रस्त्यावर एवढ्यात माणूस थांबू शकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांतही काही जात नाही. दुसऱ्याला आंधळं करून आपल्याला रस्ता दाखवणारा दिवा आमच्या दुकानातून बाहेर जाऊ नये, यासाठी ही भिंत आहे. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी भिंतीसमोर उभं राहिल्याशिवाय गाडी सोडत नाही.

क्लॅम्प आम्ही स्वतः बनवून घेतो. समुद्राच्या बाजूच्या गाड्यांना ३१६ जातीचं स्टेनलेस वापरतो, ते खाऱ्या हवेत ३०४ जातीपेक्षा जास्त टिकतं. ॲल्युमिनियमच्या दिव्यात स्टीलचा बोल्ट जातो तिथे मध्ये नायलॉनचा वॉशर आणि ग्रीस, नाहीतर खाऱ्या पाण्यात दोन धातूंच्या संगतीने ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि दिवा वळणावर डुलायला लागतो. रोख एकदा हलला की आधीचं सगळं काम फुकट.

बिघडून परत येणाऱ्या दिव्यांत पावसाने गेलेले थोडे असतात, सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाने गेलेले जास्त. दिव्यावर लिहिलेलं आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणं. त्यात जवळून मारलेल्या जोराच्या फवाऱ्याची हमी नाही. गाडी धुताना पंपाचं तोंड दिव्यापासून लांब ठेवा आणि कनेक्टरवर तर मारूच नका.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही आधी बसवलेल्या गाड्या पुन्हा तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही. ग्रीस बदलतो, बोल्ट आवळतो, रोख पुन्हा बघतो. गाडी आणताना एवढंच करा: रोज मागे जेवढं ओझं असतं तेवढं बांधून आणा. मासळीचा बर्फाचा खोका, आंब्याच्या पेट्या, दुधाचे कॅन, किंवा घरच्यांना मागे बसवून. मागचा शॉकअप बसला की गाडीचं तोंड वर होतं आणि रिकाम्या गाडीवर अचूक लावलेला दिवा समोरच्याच्या तोंडावर जातो. बर्फ वितळत असेल तर घाई नको, मासळीवाल्यांची गाडी आम्ही रांगेत आधी घेतो.