मशीनचं आडनाव

कॉम्प्युटरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकताना होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव, विचारतात तेव्हा आपण घाईत असतो, मी 'टेस्ट' टाकून पुढे गेलो आणि ते मशीन तीन वर्षं टेस्ट म्हणूनच खरीखुरी कामं करत राहिलं. मशीनला नाव कसं द्यावं यावर १९९० चा एक आरएफसी, म्हणजे इंटरनेटवाल्यांचा दस्तऐवज, आहे (११७८ नंबरचा), त्यात म्हटलंय की एखाद्या प्रोजेक्टवरून नाव ठेवू नका, काम बदलतं, नाव तसंच चिकटून राहतं. मला कोण सांगणार!

शेवटी बदलायचं ठरवलं. होस्टनेम कमांडपुढे 'कासव' लिहिलं (स्लो आहे म्हणून, बाकी काही नाही), खूश झालो, रीस्टार्ट केलं तर परत टेस्ट. नाव नुसतं कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, मेमरीत होतं, फाईलमध्ये नाही. मग होस्टनेमसीटीएल या कमांडने बदललं, ते फाईलमध्येही लिहितं. तर आता सुडो केलं (म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवली) की दरवेळी कुरकुर, कासव कोण ते सापडत नाही म्हणे! म्हणजे स्वतःचीच ओळख पटेना बिचाऱ्याला. होस्ट्स फाईलमधल्या (तिच्यात नावं आणि त्यांचे पत्ते असतात) १२७.०.१.१ च्या, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या पत्त्याच्या, ओळीत टेस्टच राहिलं होतं.

पण खरी गंमत डोमेनची, म्हणजे मशीनच्या नावापुढे लागणाऱ्या आडनावाची. डोमेननेम नावाची कमांड आहे म्हणून चालवली तर उत्तर आलं 'नन' (म्हणजे काहीच नाही), कारण ती एनआयएस नावाच्या जुन्या सिस्टीमसाठी आहे, डीएनएसशी (नेटवर्कवर नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा) तिचा काही संबंध नाही, आणि हे नाव वाचून कोणाला कळणार? खरं डोमेन बघायला होस्टनेमला डॅश एफ लावायचं. ते काय करतं, तर स्वतःचंच नाव घेऊन बाहेर विचारत फिरतं, साधारणपणे आधी होस्ट्स फाईलला, नाही मिळालं तर डीएनएसला, आणि उत्तरात पहिल्या टिंबाच्या पुढचं ते डोमेन. म्हणजे नाव स्वतःचं आणि आडनाव लोकांना विचारून! अर्पानेटवर (इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क) आधी आडनाव लागायचंच नाही, सगळ्यांची नावं एकाच फाईलमध्ये, एलिझाबेथ फाइनलर यांची टीम ती सांभाळायची. मशीनं वाढली, यादी आवरेना, मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आणलं.

मी होस्ट्सच्या त्या ओळीत आधी पूर्ण नाव, मग नुसतं कासव असं लिहिलं (क्रम महत्त्वाचा, उलटं लिहिलं की आडनाव गायब) आणि डॅश एफ नीट बोलायला लागलं. राउटरच्या यादीत मात्र अजून टेस्टच दिसतंय.