तीन फ्रेम, तीन नंबर

तो कॅमेरा मीच बसवला होता, हे आधी सांगून टाकतो. सहकारनगरातली जुनी तीन मजली सोसायटी, गेटच्या खांबावर दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, २.८ एमएमची लेन्स. बसवताना सेक्रेटरी काका शेजारी खुर्ची टाकून बसले होते. "रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसला पाहिजे," म्हणाले. मी तसा लावून दिला. मोबाईलवर चित्र बघून काका खूश झाले आणि चेक त्याच दिवशी मिळाला. पुण्यातल्या सोसायटीकडून त्याच दिवशी चेक मिळणं ही काय चीज आहे, ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

गेल्या जानेवारीत काकांचा फोन आला. सोसायटीतले एक आजोबा पहाटे तळजाई टेकडीवर फिरायला निघाले होते. गेटच्या थोडं पुढे त्यांना एका टेम्पोने उडवलं आणि टेम्पो न थांबता निघून गेला. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. "तुमच्या कॅमेऱ्यात सगळं आलंय. फक्त नंबर जरा क्लिअर करून द्या."

'फक्त' आणि 'जरा'. हे दोन शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. मालिकांमधला इन्स्पेक्टर "झूम करो" म्हणतो आणि पाटी लख्ख होते, तेव्हापासून लोकांना वाटतं की आमच्याकडे तसं बटण असतं आणि आम्ही ते जादा पैशांसाठी दाबत नाही.

तापकीर गल्लीतलं माझं दुकान पोरावर सोडून गेलो. जाऊन कळलं की अपघात होऊन पाच दिवस झालेत आणि नंबर आधीच 'काढून' झालाय. आजोबांच्या नातवाने, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्लिपचा स्क्रीनशॉट एका एआय ॲपमध्ये टाकला होता. ती क्लिप म्हणजे मॉनिटरसमोर मोबाईल धरून केलेलं शूटिंग. ॲपने काळी कुळकुळीत अक्षरं काढून दिली, एमएच १२ पासून पुढे सगळी. कुण्या एजंटाच्या ओळखीने पत्ता मिळाला, आणि चार मित्र घेऊन हे महाशय धनकवडीत एका माणसाच्या दारात उभे राहिले. त्याची होती शाळेची व्हॅन. पोरांचं म्हणणं, याने पाट्या बदलल्या. त्याची बायको रडायला लागली, शेजारी जमले, नंबर ग्रुपवर गेला होताच. शेवटी तो माणूसच चौकीत तक्रार द्यायला निघाला, तेव्हा काकांना माझी आठवण झाली.

डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, उघडला. पहिल्यांदा मोबाईल आणि डीव्हीआर शेजारी धरून वेळ बघितली. डीव्हीआर ११ मिनिटं मागे. म्हणजे स्क्रीनवर ५:१२ दिसत होते तेव्हा खरे ५:२३ झाले होते. मग मूळ रेकॉर्डिंग लावलं. एक पांढुरका पिकअप, मागे ताडपत्री, डावा टेललाईट बंद. पाटीच्या जागी एक फिकट ठिपका.

नातू म्हणाला, "दादा, हेच एन्हान्स केलं ना मी."

मी कागद घेतला. टेम्पो होता साधारण १८ मीटरवर. या लेन्सने तेवढ्या अंतरावर साधारण ४३ मीटर रुंदीचा देखावा दिसतो. चित्रात आडवे पिक्सेल, म्हणजे ठिपके, १९२०. म्हणजे एका मीटरला ४५. पिकअपच्या मागची दोन ओळींची पाटी ३४० मिलिमीटर रुंद, तिला आले १५ पिक्सेल. खालच्या ओळीत चार आकडे. एका आकड्याला साडेतीन, त्यातच दोन आकड्यांमधली मोकळी जागा. साडेतीन ठिपक्यांत ८ काढून दाखव, म्हटलं. त्याने वहीच्या चौकटींत प्रयत्न केला. त्याचा ८, ३, ६ आणि ० एकसारखेच दिसायला लागले.

त्यात अंधाराची भर. अंधारात कॅमेरा उजेड गोळा करायला शटर सेकंदाचा पंचविसावा भाग उघडं ठेवतो. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात ४४ सेंटिमीटर सरकते. टेम्पो तिरका जात होता, म्हणून सगळं सरकणं चित्रात येत नाही असं धरलं, तरी निम्मं म्हणजे २२ सेंटिमीटर. अर्ध्याहून जास्त पाटी स्वतःवरच पुसली गेली. आणि डीव्हीआर काही प्रत्येक फ्रेम पूर्ण ठेवत नाही. एक पूर्ण ठेवतो, पुढच्यांत फक्त काय बदललं तेवढं, आणि जागा वाचवायला बारीकसारीक तपशील आधी फेकतो. आपल्याला नेमका तोच हवा असतो.

त्याला हिशोब पटला, पण ॲपवरचा विश्वास गेला नाही. "एआयला पॅटर्न कळतो," म्हणाला. २०२० साली ड्यूक विद्यापीठात केलेल्या अशाच एका प्रोग्रॅमला ओबामांचा चौकटी-चौकटींचा फोटो दिला, तर त्याने गोऱ्या माणसाचा स्वच्छ चेहरा काढून दिला होता, हे मी सांगून बघितलं. "ते जुनं झालं, दादा."

मग म्हटलं, उद्या पहाटे पाचला खाली ये.

दुसऱ्या दिवशी काळोखात मी माझी स्वतःची गाडी त्याच रस्त्याने, त्याच वेगाने चारदा नेली. वॉचमनला वाटलं, मला पत्ता सापडत नाहीये. मग ऑफिसात बसून त्यातल्या एका फेरीच्या सलग तीन फ्रेम काढल्या आणि नातवाच्या ॲपमध्ये एकेक करून टाकल्या. गाडी खाली उभी, खिडकीतून पाटी दिसत होती. शेवटचे आकडे ४१७९.

पहिल्या फ्रेमचं उत्तर आलं ४१२८. अक्षरं इतकी कोरीव की नवी पाटी लावून आलोय असं वाटावं. दुसऱ्या फ्रेमचं ९१७३. तिसऱ्यात तर मधे इंग्रजी बी घुसला होता. तीन फ्रेम, एका सेकंदाच्या आतल्या, तीन वेगळ्या गाड्या. पोरगा एकदा खिडकीतून खाली बघत होता, एकदा फोनकडे. जरा वेळाने हळूच म्हणाला, "धनकवडीला जाऊन माफी मागावी लागेल." मी म्हटलं, आधी ग्रुपवरचा नंबर काढ, मग जा. आणि मित्रांना नेऊ नकोस, आईला ने.

ॲप खोटं बोलत होतं असंही नाही. त्याने पाट्या हजारोंनी पाहिलेल्या असणार. ठिपका दिला की तिथे शोभेल अशी पाटी ते काढून देतं. रांगोळीचा एक कोपरा दाखवला तर आपली आजी उरलेली पूर्ण करते, तसं. सुंदर असते, पण कालची ती रांगोळी नव्हे.

आता खरं काम. खरी वेळ ५:२३, पांढरा पिकअप, डावा टेललाईट बंद. टेम्पो मार्केट यार्डाच्या दिशेने गेला होता. त्या वाटेवर पहाटे उघडं काय असतं? डेअरी. पुढच्या वळणानंतर एक आहे, तिच्यासमोर स्पीडब्रेकर. डेअरीवाल्या मामांनी क्रेट चोरीला जातात म्हणून शेडला कॅमेरा लावलाय, तोंड क्रेटकडे, पण मागे स्पीडब्रेकर येतो, सहा मीटरवर. त्यांच्या डीव्हीआरमध्ये आठ दिवसांचंच रेकॉर्डिंग राहतं. आम्ही पोचलो तो सहावा दिवस. धनकवडीच्या प्रकरणात चार दिवस गेले होते. अजून दोन गेले असते तर हेही पुसलं गेलं असतं.

५:२४ ला पिकअप आला, डावा टेललाईट बंद, ब्रेकरवर जवळजवळ थांबला. डेअरीच्या ट्यूबचा उजेड पाटीवर. इथे पाटी ४५ पिक्सेलची. तरी दाणेदार दिसत होती. मी सात फ्रेम एकमेकांवर जुळवून त्यांची सरासरी काढली. दाणे प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलतात, आकडे बदलत नाहीत. म्हणून दाणे विरत जातात आणि आकडा उरतो. एन्हान्समेंट म्हणतात ती एवढीच, आणि तीही सात फ्रेममध्ये आकडा मुळात आलेला असेल तरच. सगळं वाचता आलं, शेवटचा आकडा सोडून. तिथे पाटी चिखलाने माखली होती. ३ किंवा ८.

"तुम्हाला काय वाटतं, ते एक सांगा ना," काका म्हणाले. मला ८ वाटत होता. पण दोन दिवसांपूर्वी एका व्हॅनवाल्याचं काय झालं ते डोळ्यांसमोर होतं. कागदावर '३ किंवा ८' असंच लिहिलं.

दोन्ही डीव्हीआरमधून मूळ फाईल पेन ड्राइव्हवर घेतल्या, हॅश काढला (फाईल नंतर कुणी बदलली तर कळावं म्हणून काढतात तो आकडा), इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राचे कागद केले, डीव्हीआरमधला ११ मिनिटांचा फरक वेगळा लिहून दिला. चौकीतले हवालदार कागद वाचता वाचता म्हणाले, बरं झालं एकच आकडा ठोकून दिला नाही. गाडी सापडलीच नाही तर गंभीर दुखापतीला ५० हजारांची भरपाई मिळते, त्याचाही अर्ज करून ठेवा, असंही त्यांनी काकांना सांगितलं.

आठवड्याने फोन आला. आरटीओच्या नोंदीत ३ वाला नंबर एका स्कूटरचा निघाला, ८ वाला पांढऱ्या पिकअपचा. डावा टेललाईट अजून बंदच होता म्हणे. आजोबा आता वॉकर घेऊन गेटपर्यंत येतात.

त्यानंतर मी काकांना दुसरा कॅमेरा सुचवला. १२ एमएमची लेन्स, नेम फक्त गेटसमोरच्या पट्ट्यावर, पाटी वाचता येईल असा. बसवून झाल्यावर काकांनी मोबाईलवर बघितलं. "हे काय हो, नुसता रस्त्याचा तुकडा दिसतोय. एवढ्याचे एवढे पैसे?"

तो चेक अजून यायचाय.